फॉर्म भरून झालाय, पण ‘सबमिट’ दाबवत नाही

नीटचा निकाल लागल्यावर समुपदेशनाला येणाऱ्या मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं: “अभ्यासाचं टेन्शन परवडलं, फॉर्मचं नको.” व्हेटर्नरीला, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ला जाऊ पाहणाऱ्यांना हा ताण जरा जास्तच जाणवतो. एमबीबीएसच्या प्रवेशाचं सगळं क्लासवाले पाठ करून घेतात, पशुवैद्यकीयचं कोणी फारसं सांगत नाही. खालची केस अशाच एका मुलीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी मेंढपाळ घरातली, प्रवर्ग भटक्या जमाती (क). लातूरला क्लास करून नीट दिलेली. मिळालेल्या गुणांत सरकारी एमबीबीएस नाही हे घरात सगळ्यांना कळलेलं होतं, व्हेटर्नरीची मात्र चांगली आशा होती. ती आईबरोबर आली. पहाटे तीनला जाग येते, लगेच हात मोबाईलकडे जातो, पोटात मुरडा येतो. आईचं म्हणणं वेगळं होतं: “आठ दिवस झाले, फॉर्म उघडते आन बंद करते. आम्ही भरू का म्हणलं की अंगावर येते.”

पहिल्या बैठकीत धीर देणारं काही बोललो नाही. एक कोरा कागद दिला आणि ‘फॉर्म’ म्हणजे नक्की काय काय, ते लिहायला सांगितलं. लिहिताना तिच्याच लक्षात आलं की ज्याला ती ‘फॉर्म’ म्हणत होती त्या तीन वेगळ्या प्रक्रिया आहेत. एक, माफसूची, म्हणजे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची राज्य कोट्याची. दुसरी, भारतीय पशुवैद्यक परिषदेची, १५ टक्के अखिल भारतीय जागांची. तिसरी, सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची, कारण मामांनी सांगितलं म्हणून बीएएमएसचाही, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचाही अर्ज करायचा होता. तिन्हीकडे नीटचाच निकाल चालतो, पण नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं, तारखा वेगळ्या. तिच्या डोक्यात या सगळ्यांची एकच गाठ बसली होती, म्हणून कुठूनही सोडवायला घेतलं की दुसरीकडे ओढ बसायची. कागदावर तीन उभे रकाने पाडले आणि प्रत्येकात चारच गोष्टी लिहिल्या: नोंदणीची शेवटची तारीख, लागणारे कागद, पसंतीक्रम भरण्याची मुदत, पहिली यादी.

कागदांच्या रकान्यात खरी अडचण सापडली, आणि बहुतेक घरांत ती तिथेच असते. राज्यात भटक्या जमाती (क) हा वेगळा प्रवर्ग आहे, केंद्रात नाही. म्हणून अखिल भारतीय जागांना, जात केंद्राच्या यादीत असेल तर, इतर मागासवर्गातून अर्ज होतो आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. राज्याचं नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, तिथे अपलोड केलं तर पडताळणीत अडकतं. मराठा समाजातल्या मुलांचंही असंच होतं. राज्यात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग), पण केंद्राच्या यादीत तो प्रवर्ग नाही. राज्याच्या नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि मुलीकडचं प्रमाणपत्र नेमकं त्याच मार्चमध्ये संपलेलं होतं. तिला ते महिन्यापूर्वीच कळलं होतं, पण वडिलांना सांगायची भीती वाटत होती. पहाटे तीनची जाग बऱ्याच अंशी या एका कागदाची होती.

हे काम त्याच दिवशी वडिलांकडे गेलं. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज, पोचपावती घेणं, प्रांत कार्यालयात पाठपुरावा. दाखल्यांना लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिलेली असते, पण प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते, म्हणून महिनाभर हातात धरूनच चालावं. जात वैधता प्रमाणपत्राचं तर अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत करून टाकावं. नातेवाइकांचे जुने पुरावे, शपथपत्रं, समितीने काढलेल्या त्रुटी यांत महिने जातात. वैधता हातात नसेल तर अर्जाच्या पावतीवर सवलत आहे की नाही, हे फक्त त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. “मागच्या वर्षी चाललं होतं” यावर जाऊ नये, नाहीतर राखीव जागेवरचा उमेदवार खुल्या यादीत जातो.

आणखी दोन कागदी गोष्टी वारंवार नडतात. नेट कॅफेवाल्याने नीटच्या अर्जात स्वतःचा ई-मेल आणि मोबाईल टाकलेला असतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो गावाला गेलेला असतो. दुसरी, नावाची. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव तिसरं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच नाव लिहावं आणि फरक असेल तिथे शपथपत्र आधीच करून ठेवावं. पात्रतेत इंग्रजीही धरलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. खुल्या प्रवर्गाला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून ५० टक्के लागतात.

एवढं मार्गी लागल्यावरही माफसूचा अर्ज सबमिट होईना. मग विचारलं, बटण दाबलं की काय होईल असं वाटतं? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “मग ठरलंच की.” म्हणजे डॉक्टर व्हायचं स्वप्न सोडलं हे जाहीर झालं. चुलत्याचं वाक्य तिच्या कानात होतं: “एवढं शिकून ढोर डॉक्टरच व्हायचं होतं का?” टाळाटाळीचं मूळ तिथे होतं. अर्ज उघडून बंद केला की तेवढ्यापुरतं ‘ठरणं’ पुढे जायचं आणि सुटल्यासारखं वाटायचं, दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असायची. अशा वेळी “आळशी आहे” म्हणणारे पालक आगीत तेल ओततात.

इथे माहितीनेच निम्मं काम केलं. माफसूचा अर्ज भरल्याने सीईटी सेलची प्रक्रिया बंद होत नाही आणि पुन्हा नीट द्यायलाही कोणी अडवत नाही. खरा निर्णय जागा मिळाल्यावर, मूळ कागद जमा करताना करावा लागतो. त्या वेळी प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि कापली जाणारी रक्कम बघावी लागते. उरलेलं निम्मं काम पायऱ्यांनी केलं. पहिल्या दिवशी फक्त लॉगिन करून भरलेली माहिती मोठ्याने वाचायची. दुसऱ्या दिवशी आईने मूळ कागद हातात धरायचा आणि मुलीने पडद्यावरचा मजकूर ताडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सबमिट, शुल्काची पावती आणि अर्जाची पीडीएफ दोन ठिकाणी जतन. शेवटच्या रात्रीवर कधीही ठेवायचं नाही, कारण तेव्हा पोर्टल संथ होतं आणि पैसे कापले जाऊन पावती येत नाही.

पसंतीक्रमावरून घरात जुंपली होती. वडिलांना उदगीर हवं होतं, जवळ म्हणून. मुलीला परळ, १८८६ पासूनचं नावाजलेलं कॉलेज म्हणून. अभ्यासक्रम परिषदेने ठरवलेला, साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. तो सगळीकडे तोच. फरक आजूबाजूच्या जनावरांत पडतो. मुंबईत कुत्री-मांजरं जास्त बघायला मिळतात, परभणी-उदगीरकडे गाई-म्हशी-शेळ्या. तुला कोणती जनावरं हाताळायची आहेत, असं विचारल्यावर ती पटकन म्हणाली, “मेंढ्या.” मग सातारा जिल्ह्यातलं शिरवळ पहिलं, परभणी दुसरं, उदगीर तिसरं असा क्रम लागला. “शिरवळ मिळणार नाही, वर लिहून जागा वाया जाईल,” ही वडिलांची भीती निराधार होती. तुमची गुणवत्ता क्रमाने पाळी आली की यादी वरून खाली पाहिली जाते. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही.

टेलिग्रामवरच्या ‘अपेक्षित कट-ऑफ’ याद्या तिला रोज रडवत होत्या. नीटचे गुण दोन वर्षांत ताडून पाहता येत नाहीत. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५ मध्ये देशात पहिला आलेला ६८६ वर होता. पाहायचाच तर गुणवत्ता क्रमांक पाहावा, तोही आपल्या प्रवर्गाचा आणि त्याच फेरीचा. ग्रुप म्यूट केले. अधिकृत संकेतस्थळ दिवसातून दोनदाच उघडायचं, सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ ला, नवी सूचना असेल तर तारीख वहीत. प्रत्येक वेळी तपासलं की दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग मन पुन्हा तेच मागतं, म्हणून वेळ बांधून घ्यावी लागते. रात्री मोबाईल आईच्या उशाशी. झोप लगेच नाही, पण हळूहळू लागायला लागली.

सगळ्यांनाच एवढ्यावर भागत नाही. जेवण तुटलं, श्वास कोंडल्याचे झटके वारंवार आले किंवा “मी नसलेलीच बरी” असं मूल बोललं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

नॉन-क्रिमिलेयर मुदतीच्या चार दिवस आधी हातात पडलं. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. तिने फोन केला, पण तो पुढच्या फेरीत पसंती बदलावी का हे विचारायला. बदलायचं कारण नव्हतं. दुसऱ्या फेरीत परभणी मिळालं. त्याच आठवड्यात खासगी महाविद्यालयात बीएएमएसची जागाही आली, तेव्हा मामांशी ती स्वतः बोलली. मूळ कागद जमा करण्याआधी प्रत्येकाच्या सहा साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन काढून ठेवायला सांगितलं होतं, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला हेच कागद पुन्हा लागतात. शिवाय उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, तेही मुलीच्या स्वतःच्या नावाचं. ते खातं अजून उघडायचं होतं.