बाटल्या धुण्यात वर्ष घालवावे का?

आपण एस.वाय.बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले आहे, विभागातल्या मॅडमनी फळमाश्यांच्या संशोधनात आठवड्यातून चार दिवस दुपारी मदतीला बोलावले आहे, मानधन नाही, आणि ‘बाटल्या धुण्यापेक्षा मार्कांकडे बघ’ असे घरचे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. घरच्यांची काळजी खोटी नाही. तरीही हे काम घ्यावे असे माझे मत आहे, आणि ते प्रमाणपत्रासाठी नव्हे.

मी पदवीला असताना पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत दोन वर्षे असे काम केले. पहिले तीन महिने मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून माश्यांचे खाद्य करणे, व्हायलींना, म्हणजे माश्या ठेवायच्या छोट्या नळ्यांना, कापसाचे बोळे लावणे आणि बाटल्या धुणे, एवढेच होते. त्या खाद्याचा आंबूस वास कपड्यांना असा चिकटे की पीएमटीत शेजारचा माणूस सरकून बसे.

नंतर पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांचा संकर लाल डोळ्यांच्या नरांशी केला की मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निपजतात, कारण हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि मुलग्यांना ते गुणसूत्र फक्त आईकडून मिळते. शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गनचे १९१० सालचे हे काम आपण पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल. अट एकच, मादी कुमारी हवी. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, म्हणून कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंश तापमानात साधारण ८ तासांच्या आत आणि १८ अंशांत १६ तासांच्या आत तिला नरांपासून वेगळे करावे लागते. आम्ही संध्याकाळी ६ वाजता व्हायलींतल्या सगळ्या माश्या काढून, कोश असलेल्या त्या व्हायली १८ अंशांत ठेवत असू, म्हणजे सकाळचे १० ही शेवटची वेळ. एका सोमवारी माझी बस चुकली, पोहोचायला साडेअकरा झाले, तरी मी माद्या वेगळ्या केल्या आणि वहीत ‘स. ९.४५’ असे लिहून मोकळा झालो.

पुढची पिढी मोजताना एकशे चाळीसेक माश्यांत अकरा मुली पांढऱ्या डोळ्यांच्या निघाल्या. मादीची दोन एक्स गुणसूत्रे विलग न झाल्यामुळे घडणारा, मॉर्गनचा विद्यार्थी ब्रिजेस याने १९१६ मध्ये मांडलेला अपवाद आपल्या हाती लागला, या समजुतीत मी दोन दिवस हवेत होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी एवढेच विचारले, “लाल डोळ्यांचे मुलगे किती?” एकही नव्हता. तो अपवाद हजारोंत एखाददुसरा आढळतो, आणि त्यात तसे मुलगेही निघतात. म्हणजे माझ्या माद्या कुमारी नव्हत्या, त्यांचे आधीच व्हायलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरांशी मीलन झाले होते. मग त्यांनी वही मागितली आणि ‘९.४५’वर बोट ठेवून त्या गप्प राहिल्या. मी खरी वेळ सांगितली. त्या रागावल्या नाहीत. खाडाखोड न करता, त्या नोंदीखाली त्या दिवसाची तारीख घालून खरे काय ते लिहायला सांगितले आणि संकर पहिल्यापासून करायला लावला. त्यात तीन आठवडे गेले.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे जर्नलमध्ये ‘यायला हवे ते’ लिहिण्याची सवय आपणा सर्वांनाच लागते; शेजाऱ्याचे आकडे उतरवून मीही सही घेतली आहे. त्या दिवसानंतर मला ते जमेनासे झाले. आज नोकरीत एखाद्या अहवालातला आकडा चुकला, तर साहेबांच्या लक्षात येण्याआधी मी स्वतः जाऊन सांगतो.

घरी सांगण्याजोगे मुद्देही आहेत. आपल्याला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल, तर वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. शिवाय देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करताना हा अनुभव उपयोगी पडतो. परीक्षेच्या तारखा मात्र मॅडमना आत्ताच देऊन ठेवाव्यात, कारण माश्या सुट्टी घेत नाहीत आणि त्या काळात तुमच्या जागी कोणीतरी लागेल. दोन-तीन महिन्यांनीही नुसत्या बाटल्याच हाती येत असतील, तर ‘एक संकर मला स्वतः करू द्याल का?’ असे सरळ विचारावे. मला तो मिळाला, तोही विचारल्यावरच.