ओघळलेल्या कानाला टाके केव्हा घालावेत?

प्रश्न : जड झुब्यांमुळे माझ्या उजव्या कानाचे भोक लांबत गेले असून पाळीच्या कडेला दोऱ्याएवढीच कातडी उरली आहे. मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले आहे. शस्त्रक्रिया आताच करावी का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : होय, आताच. भोक थोडेसेच ओघळले असते, तर हलकी कुडी वापरून किंवा झुब्याचा भार केसांत अडकवलेल्या वेलांवर घेऊन निभावले असते. परंतु लांबलेल्या भोकाची आतली कड कातडीने मढलेली असल्याने ती कापून ताजी केल्याशिवाय टाक्यांनी सांधली जात नाही, आणि पाळी पूर्ण फाटल्यावर तर ती आपोआप जुळतच नाही. जागा बधिर करून हे काम साधारण पाऊण तासात होते व त्याच दिवशी घरी जाता येते. बेळगावात प्लास्टिक सर्जन आहेत. पाळीला सूज किंवा पू असेल तर आधी ते बरे होऊ द्यावे. पूर्वीच्या एखाद्या जखमेचा वण फुगून वाढला असल्यास, किंवा मधुमेह असल्यास, डॉक्टरांना आवर्जून सांगावे. टाके साधारण आठवड्याने काढतात. नवे भोक मात्र दोन-तीन महिन्यांनी आणि वणाच्या बाजूला पाडावे. म्हणून लग्नात हलकी फुलेच घालावीत, झुब्यांचा हट्ट नको. औषध लावून कान जोडून देणाऱ्यांकडे, ते कितीही स्वस्त पडो, जाऊ नये. त्या तीव्र द्रव्याने पाळी भाजते.