व्याज घेणं अनैतिक आहे का?

माझ्या मते व्याज नव्हे, अडवणूक अनैतिक. 'शेकडा 3' ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते महिन्याचं. म्हणजे वर्षाला 36 टक्के. 10,000 रुपयांवर 34 महिन्यांत व्याजच मुद्दलाच्या वर जातं. (सरळव्याजाने हं! चक्रवाढ असेल तर विचारूच नका.) आपल्याकडे यावर जुना तोडगा होता, दामदुपट: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. तरीही मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण म्हणून व्याजावर सरसकट बंदी? पेरणीच्या तोंडावर बिनव्याजी पैसे देणार कोण? गरज असतेच, मग कर्ज चोरून घ्यावं लागतं, आणि तेही महाग.