कबड्डीपटूशी लग्न ठरलंय ना, मग एवढं ऐक

अगं, 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली, पैसा आला, तशी संघ बोली लावून खेळाडू घेतात त्या लिलावाची धास्तीही घरात आली. त्या दिवशी बोली किती लागली हे विचारू नकोस, नुसती जवळ बस.

खरी कसोटी गुडघ्याची. लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं की मैदानावर परतायला नऊ महिने, कधी वर्षही लागतं. कुबड्या भिंतीला टेकवून तो टीव्हीवर दुसऱ्यांच्या रेड बघत बसतो, जेवायला हाक मारली तरी खेकसतो. तो राग तुझ्यावर नसतो, तरी लागतोच गं. म्हणून स्वतःची नोकरी अजिबात सोडू नकोस. हरल्यावर मोबाईलवरच्या कमेंटही वाचू नकोस. लोक बायकोलाही सोडत नाहीत. आणि रडू आलं तर त्याच्यासमोर रड, त्यालाही कळू दे.