जुन्या बॅचची ख्यालीखुशाली गोळा करताना

पाचगणीच्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी अंकातलं 'सध्या कोण कुठे' हे सदर तू हाती घेतलंस, बरं झालं. साठीपुढच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवू नकोस गं, 'सगळं छान' एवढंच उत्तर येतं. सकाळी अकराच्या सुमारास फोन कर. चहा-पेपर उरकलेला असतो, वामकुक्षीला वेळ असतो. 'हल्ली काय करता?' हा प्रश्न निवृत्त माणसाला टोचतो. त्याऐवजी डॉर्मिटरीत शेजारची कॉट कुणाची होती ते विचार. मग टेबललँडवरच्या शर्यती, जुलैत आठवडाभर न वाळणारे मोजे, आणि तिथून गाडी आपसूक नातवंडांवर, गुडघ्याच्या ऑपरेशनवर येते. ऑपरेशन छापायचं का, हे मात्र त्यांनाच विचार.

बॅचचा घोळ सांभाळ. १९७५ साली अकरावीची जुनी एसएससी आणि दहावीची नवी, दोन्ही परीक्षा झाल्या. त्यामुळे कुणी 'पंचाहत्तरची बॅच' म्हटलं की कुठली ते विचारून घे. मुलींचं माहेरचं आडनाव कंसात हवंच, नाहीतर वर्गातलेसुद्धा ओळखत नाहीत.

निधनाची बातमी ग्रुपवर फिरली म्हणून उचलू नकोस. घरच्यांशी बोलल्याशिवाय एक ओळही नको. आणि मुलाच्या न्यू जर्सीतल्या बंगल्याच्या खोल्या मोजून सांगणारे भेटतीलच. मन लावून ऐक, अंकात दोन ओळींत आवर.