डेटा वेअरहाउसमध्ये अजाइल (थोडं थोडं करून, लवकर दाखवत पुढे जायची पद्धत): सुरुवात कुठून करायची
अरे, आधी अख्खं वेअरहाउस (रिपोर्टसाठी सगळा डेटा एकत्र ठेवायची जागा) डिझाइन करत बसू नकोस, नवीन लोक हीच चूक करतात आणि सहा महिने ईटीएल (डेटा काढून, नीट करून वेअरहाउसमध्ये भरणारा कोड) लिहूनही दाखवायला एक रिपोर्ट नसतो. एकच प्रश्न घे, समजा कालची शाखानिहाय विक्री, आणि सोर्सपासून (जिथून डेटा येतो ती मूळ सिस्टिम) डॅशबोर्डपर्यंत तेवढंच दोन आठवड्यांत पूर्ण कर.

- फॅक्ट टेबलची (विक्रीचे आकडे जिथे साठतात ते टेबल) एक ओळ म्हणजे अख्खं बिल की बिलातली एकेक वस्तू, हे पहिल्याच दिवशी ठरव. आमच्याकडे हे राहून गेलं, बिलावरची सूट प्रत्येक वस्तूपुढे रिपीट झाली, बेरीज भलतीच आली आणि अकाउंट्सवाल्यांचा विश्वास परत मिळवायला फार वेळ लागला.
- रोज लोड झाल्यावर सोर्सची बेरीज वेअरहाउसमधल्या बेरजेशी आपोआप जुळवून बघ.

डेटा व्हॉल्ट (वेअरहाउस रचायची एक पद्धत) वगैरे आत्ता सोड. पहिला रिपोर्ट कच्चा असला तरी वापरणाऱ्याच्या शेजारी बसून दाखव, जमेल तुला.