उन्हाळी लागलीय ताई, अन् सुट्ट्या आत्ता कुठं सुरू झाल्यात

प्रश्न : ताई नमस्कार, मी परभणीची. पतसंस्थेत नोकरी करते, दहा ते साडेपाच. लेकरं दोन, मोठी नऊ वर्षांची, धाकटा चारचा, दोघांनाही सुट्ट्या लागल्यात. यांचं कृषी सेवा केंद्र आहे, मे महिन्यात बियाणं-खताचा माल भरायचा असतो म्हणून रात्री नऊशिवाय घरी येत नाहीत. सासूबाईंना बीपी, त्यांच्या भरवशावर लेकरं टाकून जाते तेच जिवावर येतं. नळ आठ दिवसाला, तो पण पहाटे तीनला. गेल्या रविवारी कुरडयाचा चीक घाटताना डोळ्यापुढं अंधारी आली, खालीच बसले. या महिन्यात दोनदा उन्हाळी लागली. नणंद म्हणते स्वतःकडं बघत जा जरा, पण कधी बघू? दुपारच्याला दहा मिनिटं आडवी झाले तरी काम टाकून झोपले असं वाटतं.

उत्तर : ताई, आधी डॉक्टरकडं जा, बाकीचं सगळं नंतर वाचा. महिन्यात दोनदा जळजळ झाली म्हणजे ती नुसती उन्हाळीच असेल असं नाही, लघवीचं इन्फेक्शन पण असू शकतं, ते लघवी तपासल्याशिवाय कळत नाही. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा खुशाल घ्या पण तेवढ्यावर भागवू नका. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कमरेच्या वर दुखायला लागलं तर त्याच दिवशी जा. अन् गेलातच आहात तर हिमोग्लोबिन आणि बीपी पण बघून घ्या, अंधारी आली ती का आली हे कळायला पाहिजे.

आता खरं सांगा, तुम्ही दिवसात पाणी किती पिता? मला वाटतं सकाळी चहा, डब्याबरोबर एक ग्लास आणि मग एकदम घरी आल्यावर. आपल्याकडं नोकरीवाल्या कितीतरी बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत कारण ऑफिसातल्या बाथरूमला जावंसं वाटत नाही, एकतर तिथं पाणी नसतं नाहीतर कडी नसते. मग लघवी तुंबवून ठेवायची, संध्याकाळपर्यंत, आणि ४३ डिग्रीत घाम तर चालूच. उन्हाळी अशीच लागते. तुमच्याकडं तसं असेल तर तिथल्या चार जणी मिळून मॅनेजरला लेखी द्या, कडी, बल्ब आणि एक ड्रम पाणी, हे मागायला लाजायचं काय कारण.

घरात पाणी कमी असलं की आई स्वतःचं पाणी शेवटी धरते, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेव्हा मी लातुरातच होते आणि माझी धाकटी दोन वर्षांची होती. घरात प्यायच्या पाण्याची एक घागर वेगळी, वर ताटली, आणि मी प्रत्येकाला तांब्यानं मोजून द्यायचे, स्वतःला मात्र दिवसातून तीन पेले. कोणी मला पिऊ नको म्हणलं नव्हतं. पुढं जूनमध्ये मुतखड्यानं अशी कळ आली की रात्री दोनला दवाखान्यात न्यावं लागलं. वाचवलेलं पाणी असेल चार-पाच घागरी, अन् सोनोग्राफी-सलाईनचा खर्च दोन महिन्यांच्या टँकरपेक्षा जास्त झाला. तेव्हापासून मी माझी बाटली आधी भरते, मग बाकीच्यांची.

तुम्ही पण तसंच करा. लिटरच्या दोन बाटल्या, फक्त तुमच्या, घरून भरून न्यायच्या, एक जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपली पाहिजे, दुसरी पाचपर्यंत. घरी आल्यावरचं वेगळं. लघवी फिकट पिवळी झाली की समजा पुरतंय, गडद असली तर अजून प्या. जेवणात मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील घ्या, घामाबरोबर मीठ पण जातं ना. खूप घाम जाऊन गळून गेल्यासारखं झालं तर ओआरएसचं पाकीट, नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि अंदाजानं घालू नका, मोजूनच. सासूबाईंना बीपी आहे तर त्यांना मीठ-साखरेचं पाणी डॉक्टरला विचारूनच द्या, आणि बीपीची गोळी उन्हाळ्यात तीच ठेवायची का बदलायची हे पण विचारा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते.

चीक घाटायचा विषय. मे महिन्यात पेटलेल्या चुलीपुढं उभं राहून तासभर पळीनं घाटत राहायचं, हात थांबला की गाठी, अंगावर वाफ, हे जिनं केलंय तिलाच माहीत. यंदा अर्धंच करा, नाहीतर बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या, चांगल्या करतात त्या. आणि करायचंच असेल तर पहाटे, सातच्या आत चूल बंद, आणि घाटायला दुसरं माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता दुपार. बारा ते चार ही वेळ आपल्या मराठवाड्यात माणसाला खाऊन टाकते आणि तेव्हाच तुम्ही ऑफिसात, लेकरं सासूबाईंकडं. पण मला एक दिसतंय, यांच्या दुकानात एक ते चार गिऱ्हाईक किती असतं? एवढ्या उन्हात खताची गोणी घ्यायला कोण येतंय, शेतकरी येतो सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. त्यांनी त्या वेळी अर्धं शटर ओढून किंवा पोऱ्याला बसवून घरी जेवायला यावं, धाकट्याला झोपवावं, सासूबाईंना जरा पडू द्यावं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीन दिवस, वार ठरवून, सगळ्यांसमोर बोलून, कारण नुसतं “जरा मदत करत जा” म्हणलं तर काय करायचं ते कोणालाच कळत नाही. पहाटेच्या नळाची पण पाळी लावा, एकदा तुम्ही, एकदा ते. नऊ वर्षांची लेक माठ भरू शकते, वाळलेले कपडे घड्या करू शकते. गल्लीत अजून दोन-तीन घरी लेकरं असतील तर दुपारी एकेका घरी सगळी, आज तुमच्याकडं उद्या त्यांच्याकडं, कॅरम-पत्ते सावलीत, मोबाईल थोडा झाला तर झाला.

आणि झोपेचं. पहाटे तीनला नळासाठी उठलेलं माणूस दुपारी झोपलं तर ती रात्रीतून गेलेली झोपच परत घेतंय, काम टाकलं कुठं यात? सुट्टीच्या दिवशी एक तास, दार लोटून, घरात सांगून झोपा.

एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवा. घरात कोणी उन्हानं बडबडायला लागलं, ओळखेना, झटके आले किंवा अंग चटका बसेल एवढं तापलं, ताप १०४ च्या वर, तर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मानेला-काखेत-जांघेत गार फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, आणि तापाची गोळी यावर चालत नाही.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं, नांदेडला माहेरी आहे. कूलर लावून दारं-खिडक्या बंद ठेवतो तरी चिकचिक होते, बाळाला घामोळ्या आल्यात. आजी म्हणते बाळाला चमच्यानं पाणी पाज.

उत्तर : खिडकी उघडा. कूलर ओलसर हवा आत टाकतो, तिला बाहेर जायला वाट नसली की खोलीत दमटपणा साठतो, म्हणून कूलर खिडकीत आणि समोरचं दार थोडं उघडं. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात होतात. आजींना प्रेमानं सांगा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नाही, उन्हाळ्यात पण नाही, आईच्या दुधात ते असतंच. बाळ जास्त वेळा मागेल तेव्हा पाजा, आणि दरवेळी पाजायला बसताना तुमच्या हाताशी तांब्या भरलेला असू द्या. घामोळ्यांना पावडरचे थर नको, ओल्या फडक्यानं पुसा, सुती झबलं घाला.

प्रश्न : मी जालन्याला रोलिंग मिलमध्ये आहे, भट्टीजवळ काम. घरी येतो तेव्हा डोकं तापलेलं असतं. परवा मुलानं बॉल मारून माठ फोडला, मी त्याला लई मारलं. सात वर्षांचा आहे. दोन दिवस झाले जवळ येईना. हे असं विचारायचं असतं का माहीत नाही.

उत्तर : दादा, विचारलंत हे फार बरं केलंत. भट्टीपुढं आठ तास काढून, वर बाहेरचं ऊन घेऊन माणूस घरी येतं तेव्हा अंगातलं पाणी गेलेलं असतं, झोप अपुरी, अशात चिडचिड होणारच, पण मारणं होणारच असं नाही, आणि ते तुम्हालाही माहीत आहे म्हणून तर लिहिलंत. कामावर तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं कोणाशी बोलू नका, आधी पाणी, मग डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ, मग बाजेवर जरा पाठ टेका. बायकोला आणि मुलाला सांगून ठेवा की बाबा तेवढा वेळ गप्प असणार, रागावलेले नसणार. रात्रपाळी असली तर दिवसा झोपायला घरातली सगळ्यात अंधारी खोली घ्या. एवढं करूनही राग हातात राहत नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारचा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मुलाला आजच म्हणा, मी मारलं ते चुकलं. माठाचं नाव काढू नका, तू असं केलंस म्हणून मी तसं केलं हे नको. तो लगेच जवळ येणार नाही कदाचित. रविवारी सकाळी ऊन व्हायच्या आत त्याला घेऊन कुंभाराकडं जा, नवा माठ त्यालाच निवडू द्या, टिचकी मारून आवाज कसा ऐकायचा ते दाखवा, आणि येताना गाडीवर तो त्यालाच मांडीवर धरू द्या.